अमेरिकन नागरिकत्वाची शपथ: त्या दिवशी काय होतं आणि कुठे घोळ होतो

मुलाखत पास झाली की घरी पेढे वाटून होतात, पण शपथ घेईपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डवालेच असता. इमिग्रेशनच्या काही ऑफिसांत त्याच दिवशी शपथ होते. एरवी एन-४४५ नावाची नोटीस येते. तिच्यावर तारीख, वेळ, पत्ता आणि मागे प्रश्नावली असते.

ही प्रश्नावली लोक फार हलक्यात घेतात. मुलाखतीनंतर लग्न किंवा घटस्फोट झाला का, देशाबाहेर गेलात का, अटक किंवा दंड झाला का, असे ते प्रश्न असतात. उत्तरं शपथेच्या दिवशीच लिहायची, कारण आदल्या रात्रीपर्यंतचा हिशेब त्यात यायला हवा. ट्रॅफिकचा दंडसुद्धा विचारलेला असतो. मधल्या काळात भारतात जाऊन आलात तर खुशाल ‘हो’ लिहा आणि तारखा जवळ ठेवा. ‘हो’ लिहिल्याने सहसा काही अडत नाही, लपवल्याने अडतं.

सोबत एन-४४५, ग्रीन कार्ड, फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र आणि री-एंट्री परमिट (ग्रीन कार्डवाल्यांना लांबच्या परदेश मुक्कामानंतर परत येण्यासाठीचा कागद) असेल तर तेही न्या. कपडे नीटनेटके हवेत. साडी किंवा कुर्ता अगदी चालतो. सुरक्षा तपासणीची रांग धरून वेळेआधी पोचा. चेक-इनला अधिकारी प्रश्नावली बघतो आणि ग्रीन कार्ड काढून घेतो. ते परत मिळत नाही.

पुढचा कार्यक्रम सोपा. देशांची नावं पुकारतात, आपलं आलं की उभं राहायचं. मग उजवा हात वर करून शपथ सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायची. शब्द समोर असतात, पाठांतर लागत नाही. नाव बदलायचं असेल तर मात्र शपथ न्यायालयात न्यायाधीशांपुढे व्हावी लागते, आणि ती मागणी आधीच केलेली असावी लागते.

सर्टिफिकेट हातात पडलं की फोटो काढण्याआधी ते वाचा. नाव, जन्मतारीख, उंची, वैवाहिक स्थिती, आधीचं राष्ट्रीयत्व. मराठी नावांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. ते गळलंय की पहिल्या नावाला चिकटलंय, हे खास बघा. चूक दिसली तर हॉल सोडण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याला दाखवा. घरी आल्यावर लक्षात आली तर एन-५६५ अर्ज आणि बराच काळ वाट बघणं आलं. आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका.

शपथ घेतल्या क्षणापासून तुमच्याकडे प्रवासाचा एकही कागद नसतो. ग्रीन कार्ड गेलं, अमेरिकन पासपोर्ट आलेला नाही, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपलं. भारतीय पासपोर्टवर अजून पाच वर्षं शिल्लक असली तरी त्यावर प्रवास करणं गुन्हा आहे. म्हणून शपथेच्या पुढच्याच आठवड्याचं मुंबईचं तिकीट काढून बसू नका.

पासपोर्टसाठी डीएस-११ भरा, पण सही अधिकाऱ्यासमोरच करा. मूळ सर्टिफिकेट अर्जासोबत जातं आणि नंतर वेगळ्या पाकिटातून परत येतं, म्हणून आधी स्कॅन आणि दोन-तीन रंगीत प्रती काढून ठेवा. घाईचा प्रवास असेल तर पासपोर्ट एजन्सीची अपॉइंटमेंट मिळू शकते. सोशल सिक्युरिटी ऑफिसातली नोंद बदलायला किमान दहा दिवस थांबून जा, नाहीतर त्यांच्या सिस्टिममध्ये तुमचं नागरिकत्व दिसतच नाही.

ग्रीन कार्ड असलेलं, १८ वर्षांखालचं मूल नागरिक झालेल्या आई किंवा वडिलांच्या ताब्यात, त्यांच्यासोबत अमेरिकेत राहत असेल तर तेही आपोआप नागरिक होतं. त्याला शपथ नाही, थेट पासपोर्टचा अर्ज करता येतो.

भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचं काम व्हीएफएस या भारतीय दूतावासासाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत होतं. सरेंडर झाल्याशिवाय ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) मिळत नाही. हा क्रम उलटा करता येत नाही, आणि ओसीआयचं नाव अमेरिकन पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं.