एका स्थानकाचा प्रवास

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर नेरळच्या पुढचे स्थानक म्हणजे भिवपुरी रोड. लोकल हे अंतर काही मिनिटांत कापते. जानेवारीतल्या एका शनिवारी धाकट्या बहिणीने आणि मी तेवढ्याच अंतरासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ घेतला, कारण मध्ये माथेरान चढून उतरायचे होते. नेरळहून छोट्या गाडीने, म्हणजे टॉय ट्रेनने, वर जायचे आणि गार्बेट पॉइंटखालच्या डोंगराच्या सोंडेवरून पायी भिवपुरीला उतरायचे, असा बेत होता. शनिवार मुद्दाम निवडला होता. रविवारी मेगाब्लॉकच्या वेळापत्रकाशी झगडून कोणी डोंगरावर वेळेत पोहोचल्याचे मला तरी आठवत नाही.

ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत उभे राहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे सकाळी सहाच्या आत फलाटावर पोहोचून कर्जत लोकलमध्ये खिडकीची जागा, तीही हवी त्या बाजूची, मिळणे ही गोष्ट मला अजून सणासारखी वाटते. हवी ती बाजू म्हणजे उजवी. कल्याण मागे पडले की या बाजूला मलंगगडाचा सुळका दिसू लागतो आणि बदलापूरनंतर चंदेरी समोर येतो. वांगणी, शेलू करीत गाडी नेरळकडे जाते तसतशी ही रांग जवळ सरकते आणि शेवटी माथेरानचा सपाट माथा सगळी उजवी खिडकी व्यापून टाकतो. डावीकडे बसणाऱ्याला उल्हास नदीचे खोरे दिसते. तेही वाईट नाही, पण ते परतीच्या प्रवासासाठी ठेवावे.

नेरळला उतरल्यावर तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागते. छोट्या गाडीचे डबे मोजके आणि इच्छुक पुष्कळ, त्यामुळे गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचणे हाच एक खात्रीचा उपाय आहे. रांगेतल्या एका गृहस्थांनी आम्हाला ऐकवले, की टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटांत माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावर पोहोचता येत असताना या गाडीत अडीच-पावणेतीन तास घालवणे म्हणजे वेळेची उधळपट्टी आहे. ते स्वतः रांगेत का उभे होते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

माथेरानचा ठाण्याशी संबंध लोकलच्या तिकिटाहून जुना आहे. 1850 साली मे महिन्यात ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक गावी पडला होता. तिथून ते पायी माथ्यावर गेले आणि तिथली हवा त्यांना इतकी मानवली, की पुढे त्यांनी वर घरच बांधले. पुस्तकांत याला ‘माथेरानचा शोध’ म्हणतात. ज्या डोंगरावर ठाकर, कातकरी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, त्याचा शोध एखाद्या कलेक्टरने लावला असे म्हणणे मला जरा धाडसाचे वाटते. शोध लागला तो उन्हाळ्यात मुंबईबाहेर पळण्याच्या जागेचा. त्यानंतर अर्धे शतक लोक नेरळहून घोड्यावर किंवा पालखीत बसून वर जात राहिले. मग सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या उद्योगपतींनी छोट्या गाडीच्या मार्गासाठी पैसा पुरवला, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम हाती घेतले आणि 1907 मध्ये गाडी धावू लागली. तिला 16 लाख रुपये खर्च आला होता.

या गाडीचा खरा विषय म्हणजे चढ. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर आहे, माथेरान सुमारे 800 मीटरवर आणि मधला लोहमार्ग साधारण 20 किलोमीटरचा. काही ठिकाणी चढ 1:20 इतका आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण कर्जत ते लोणावळा घाटात 1:37 चढासाठी मोठ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात, हे लक्षात घेतले की 1:20 म्हणजे काय ते कळते. चाकाची आणि रुळाची पकड पोलादावर पोलादाची असते. ती एका मर्यादेपलीकडे चढ सोसत नाही. म्हणून डोंगराला सरळ न भिडता त्याच्या अंगाअंगाने वळत जायचे आणि त्यासाठी वळणे घट्ट घेता यावीत म्हणून रुळांमधले अंतर फक्त दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर ठेवायचे, असा या मार्गाचा सगळा विचार आहे. आता डिझेल इंजिन गाडी ओढते. पूर्वीची वाफेची इंजिने जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची होती आणि उतारावर गाडी आवरण्यासाठी डब्यांवर ब्रेकमन उभे असत, जे इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेनुसार हाताने ब्रेक आवळत.

जुम्मापट्टी स्थानकापर्यंत गाडी अजून पायथ्याशीच रेंगाळते आहे असे वाटते. नंतर मात्र खिडकीतून दिसणारे दृश्य बाजू बदलू लागते. आत्ता डावीकडे असलेले नेरळ गाव पुढच्या वळणाला उजवीकडे जाते, दर वेळी थोडे लहान होऊन. आमच्या समोरच्या बाकावरच्या मुलाने तीन वेळा नेरळ स्थानक ‘पहिल्यांदा’ शोधून काढले. वॉटर पाइप स्थानकात गाडी थांबली तेव्हा माकडे आली, खिडक्या बंद झाल्या, एका बाईंचा चिवड्याचा पुडा गेला. पुढे पॅनोरामा पॉइंटच्या खालून जाताना कड्यावरच्या गणपतीच्या आसपास गाडी अगदी दरीच्या काठावर येते आणि डब्यातले बोलणे आपोआप खालच्या आवाजात येते. बहीण म्हणाली, “दादा, ही गाडी चढत नाहीये, डोंगराची मनधरणी करते आहे.” तिचे म्हणणे मला 1:20 या आकड्यापेक्षा नेमके वाटले.

आम्ही शेवटपर्यंत न जाता अमन लॉजला उतरलो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने त्या जवळच्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि घोडेवाले, हमाल, रिक्षा यांची गर्दीही तिथेच असते. ती ओलांडून गार्बेट पॉइंटकडे जाणारी लाल मातीची वाट धरली, तेव्हा दहा मिनिटांत माणसांचे आवाज मागे पडले. ही लाल माती म्हणजे माथ्यावरचा जांभा. काळ्या बेसाल्टच्या डोंगराला जांभ्याची ही टोपी आहे आणि तिच्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी यांचे इतके दाट रान वाढले आहे, की भर दुपारी वाटेवर उन्हाचे फक्त कवडसे पडतात. जांभळाच्या एका फांदीवरून शेकरू पलीकडच्या झाडावर गेले. झाले एवढेच, पण त्यासाठी आम्ही पंधरा मिनिटे माना वर करून उभे होतो.

गार्बेट पॉइंटला रान एकदम संपते. समोर उल्हास नदीचे खोरे, पलीकडे सह्याद्रीची मुख्य भिंत आणि पायाखाली पूर्वेकडे पसरलेली गार्बेटची लांबलचक सोंड, जानेवारीच्या वाळक्या गवताने पिवळी झालेली. डबे तिथेच उघडले. थालीपीठ, लसणाची चटणी आणि दोन संत्री.

ट्रेकला जाणारी बहुतेक मंडळी भिवपुरीहून हीच सोंड चढतात आणि टॅक्सीने नेरळला उतरतात. मला उलटा क्रम अधिक पटतो आणि त्याचे कारण गुडघे नाहीत, कारण गुडघ्यांना उतारच जास्त छळतो. कारण उन्हाचे आहे. ही बाजू पूर्वेची. सकाळी चढणाऱ्याच्या अंगावर सूर्य सरळ येतो. दुपार कलली की तोच सूर्य माथेरानच्या माथ्याआड जाऊ लागतो आणि उतरणाऱ्याच्या वाटेवर हळूहळू सावली पसरते. शिवाय छोट्या गाडीच्या सकाळच्या सावकाशपणात माणूस थकत नाही, ही जमेची बाजू. फक्त अंधार पडण्याआधी खाली पोहोचायचे असेल तर अमन लॉजहून वेळ न दवडता निघायला हवे. पावसाळ्यात मात्र हा बेत करताच येत नाही, कारण तेव्हा छोटी गाडी नेरळहून सुटत नाही, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच धावते.

पॉइंटवरून सोंडेवर उतरणारा पहिला टप्पा सर्वांत तीव्र आहे. सुटी माती, घसरणारे दगड, आधाराला कारवीची वाळकी झुडपे. गाडीने वीस मीटरला एक मीटर या हिशेबाने मिळवलेली उंची आम्ही इथे पावलागणिक गमावत होतो. गाडीत बसून जो डोंगर वळणावळणांचा, समजूतदार वाटला होता, तो इथे सरळ आणि तापट निघाला. अर्ध्या-पाऊण तासाने सपाट सोंडेवर आल्यावर मागे वळून पाहिले, तेव्हा माथेरानचा कडा डोक्यावर उभा होता आणि सकाळच्या सगळ्या प्रवासात न जाणवलेली त्याची उंची मला पहिल्यांदा मानेत जाणवली.

चूक झाली ती त्यापुढे. गवतात दोन वाटा फुटल्या होत्या आणि मी मोबाइलवरच्या नकाशावर विसंबून उजवीकडची धरली. ती रुंद आणि मळलेली होती, म्हणून बहिणीच्या शंकेकडेही लक्ष दिले नाही. वीस मिनिटांनी डोक्यावर मोळी घेतलेल्या एक आजी समोरून आल्या. “कुठं निघालात? ही गुरांची वाट हाय, फुडं कडा हाय. मागं फिरा नि डाव्या अंगानं वाडीत उतरा.” आम्ही मागे फिरलो. बहीण काही बोलली नाही. पुढच्या प्रत्येक फाट्यावर मात्र तिने स्वतःच वाट ठरवली, आणि मीही ते मुकाट्याने मान्य केले.

सागाच्या वाडीत एका घराच्या अंगणात पाणी मिळाले. तिथून खाली पाली भूतिवली धरणाचे पाणी दिसत राहते. ते जवळ आहे असे वाटते आणि तासभर तसेच वाटत राहते. धरणाच्या कडेने डिकसळ गाठेपर्यंत पाच वाजून गेले होते. गुडघे बोलू लागले होते, बुटांवर वर लाल आणि खाली राखाडी असे धुळीचे दोन थर बसले होते.

भिवपुरी रोडच्या फलाटावर चहा घेतला. कर्जतहून येणारी लोकल आली, बऱ्यापैकी रिकामी. आम्ही उजवीकडची बाके सोडून मुद्दाम डावीकडे बसलो, कारण परतताना डोंगर या बाजूला येतो आणि नदीपेक्षा तो आज जास्त ओळखीचा झाला होता. माथ्यावर दिवे लागायला सुरुवात झाली होती. सोंडेवरची आमची वाट शोधावी म्हणून मी खिडकीशी वाकलो; पण ती सापडण्याआधीच गाडीचा वेग मंदावला आणि बाहेर नेरळची पाटी आली.