कंट्रोलला काय दिलंस?

माझ्या लॅबच्या वहीत एका पानावर '७सी'भोवती लाल पेनने तीनदा गोल काढलाय. तो काढला त्या दिवशी मी जेवायचंसुद्धा विसरले होते.

७सी म्हणजे आमच्या केमिस्ट्रीवाल्या मित्राने बनवलेल्या बारा पायराझोलांपैकी एक. पायराझोलच का, तर सेलेकॉक्सिब या सूज-वेदनांवरच्या औषधाच्या गाभ्यात तीच पाच अणूंची रिंग आहे. त्याच घराण्यातलं आणखी कोणी सूज उतरवेल, अशी आशा ठेवायला हरकत नाही. तो चिमूटभर पावडर छोट्या बाटलीत आणून देतो. मेल्टिंग पॉइंट, एनएमआर (रेणूची रचना तपासायची चाचणी) सगळं चोख. आणि दुसऱ्याच दिवसापासून विचारायला लागतो, "चाललं का?" जणू मी बल्ब लावून बघणार आहे.

आमची चाचणी जुनीच. विंटर, रिस्ले आणि नस यांची, १९६२ सालची. रॅटच्या मागच्या पंजाच्या तळव्यात १ टक्का कॅराजिननचं ०.१ मिलि टोचायचं. लाल समुद्री शेवाळातून काढलेला हा चिकट पदार्थ, पण पंजा असा टरारून फुगवतो की बघवत नाही. औषध तासभर आधी तोंडावाटे दिलेलं असतं. मग दर तासाला पंजा प्लेथिस्मोमीटरच्या नळीत बुडवायचा आणि किती पाणी सरकलं ते वाचायचं. घोट्यावर मार्करची रेघ असते, बरोबर तिथपर्यंतच बुडवायचा. रेघ पुसट झाली, रॅटने पाय आखडला, की आकडा हलला. सगळा खेळ मिलिलिटरच्या दशांशांचा. पहिले दोन महिने मी माझ्याच हाताची चाचणी घेत होते म्हणा ना.

पहिल्या तासाची सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिनची. प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे शरीरातच बनणारी सूज-वेदना वाढवणारी रसायनं, नंतर जोर धरतात, म्हणून आम्ही डोळे लावून बसतो ते तिसऱ्या तासाकडे. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. अ‍ॅस्पिरिन तोवर सत्तरेक वर्षं लोकांच्या पोटात जातच होतं.

तर तिसऱ्या तासाला ७सीच्या सहाही रॅट्सचे पंजे जवळजवळ इंडोमेथॅसिनच्या गटाइतकेच उतरलेले. इंडोमेथॅसिन म्हणजे सूज उतरवणारं जुनं औषध, आमचं तुलनेचं स्टँडर्ड, त्याच्या जवळपास पोचलं तरी पेपर होतो. मी आलेख काढला, प्रिंट घेतली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. विचारलं, "कंट्रोलला काय दिलंस?"

"सीएमसी, मॅडम. नेहमीचंच, ०.५ टक्का." कंट्रोल म्हणजे औषध न देता तुलनेला ठेवलेला गट, आणि सीएमसी म्हणजे न विरघळणारी पावडर पाण्यात तरंगती ठेवणारा, पाणी दाटसर करणारा पदार्थ.

"आणि ७सी कशात दिलंस?"

इथे माझी बोबडी वळली. बाकीची अकरा कंपाऊंड्स सीएमसीच्या पाण्यात नीट घोटली जात होती. ७सी मात्र हट्टी. खलात कितीही घोटा, सिरिंजच्या तळाशी पांढरा थर बसलाच. मग मी आधी ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं. आणि हात आखडता घेतला नव्हता. डीएमएसओला स्वतःलाच सूज उतरवायचा गुण आहे, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं! त्या दिवशी ७सीच्या पिंजऱ्यांना लसणासारखा वास येत होता तोही मला आठवला. डीएमएसओचं शरीरात डायमिथाइल सल्फाइड होतं, ते श्वासातून बाहेर पडतं, त्याचा तो वास. म्हणजे नाकाला कळलं होतं, डोक्याला नाही.

पुन्हा सगळं केलं. यावेळी एका गटाला नुसता डीएमएसओ, तेवढाच. तिसऱ्या तासाला त्यांचेही पंजे बऱ्यापैकी उतरलेले निघाले. ७सीच्या वाट्याला त्यावर जे उरलं ते थोडंच, बारातल्या मधल्या फळीतलं. त्या आधीच्या सहा रॅट्सचं मला अजून वाईट वाटतं. एथिक्स कमिटीच्या अर्जात 'कमीत कमी प्राणी वापरू' असं मी माझ्याच हाताने लिहिलेलं होतं.

तेव्हापासून सिरिंज भरते लॅबमधली दुसरी मुलगी, त्यावर नुसते आकडे घालते, आणि मी कोणत्या पिंजऱ्यात काय आहे हे न कळता पंजे मोजते. लसणाचा वास आला तर अर्थात कळतंच.

मित्राला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रिंगवर एक कार्बोक्झिलिक आम्ल लावतो, सोडियमचा क्षार करून देतो, पाण्यात जाईल." मी म्हटलं, जाऊ दे की, पण मग पोट बघावं लागेल. आम्लगटाच्या जुन्या औषधांचं दुखणं तेच. पोटाचं अस्तर राखणारी प्रोस्टाग्लँडिनंही ती बंद पाडतात. पंजा उतरतो आणि जठर उघडून भिंगाखाली धरलं की लाल ठिपके मोजत बसावं लागतं.

काल नवी बाटली आली. पाण्यात टाकून हलवली. निम्मी विरघळली, निम्मी तळाशी. पावडर पाण्यात मिसळायला मदत करणारं ट्वीन ८० काढून ठेवलंय. कंट्रोलच्या सिरिंजवर त्याची चिठ्ठी आधी चिकटवली.