केंदाळातल्या मरळीसाठी काठी

पावसाळा सरला की आमच्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात. पाणी तुंबतं, आणि तुंबलं की केंदाळ वाढायला लागतं. पुस्तकात त्याला जलपर्णी म्हणतात, ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ऊन आणि सांडपाणी दोन्ही भरपूर मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं. शिरोळच्या बाजूला कधीकधी पंचगंगेचं पात्र हिरव्या शेतासारखं दिसतं. नदीचा त्यानं जीव जातो, त्यात वाद नाही. पण मरळ हा मासा त्याच केंदाळाखाली दबा धरून बसतो, आणि मी गेली बारा वर्षं मरळीच्या मागे आहे.

ही पोस्ट गळाच्या काठीबद्दल आहे. दाट केंदाळातून मरळ बाहेर काढायला कसली काठी घ्यावी, हे मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात लेथवर काम करतो, त्यामुळं वाकणं, ताण, पीळ या गोष्टी हाताला रोज कळतात. तरीही योग्य काठीपर्यंत पोचायला मला तीन काठ्या आणि एक मेलेली मरळ लागली.

मरळीचं आधी सांगतो. 2022 च्या नोव्हेंबरात करवीर तालुक्यातल्या एका गावतळ्यावर होतो. (नाव लिहीत नाही, तळं लहान आहे.) तेव्हा माझ्याकडं साडेसहा फुटांची मीडियम, म्हणजे मध्यम ताकदीची, काठी होती, फिरकीवर (रीलवर) वीस पौंडी तंगूस, म्हणजे वीस पौंडांच्या ताणापर्यंत टिकणारा नायलॉनचा दोरा. चिलापी, शिंगाडा, लहान कटला यांना ती पुरून उरायची. केंदाळाच्या दोन गाद्यांमधल्या फटीत मी रबरी बेडूक टाकला, दोनदा टुचकवला, आणि खालून पाणी फुटलं. झटका मारला. काठी मुठीपर्यंत वाकली आणि तिथंच राहिली. मला वाटलं मासा खेळतोय. तो खेळत नव्हता, केंदाळाच्या मुळांत शिरत होता. पाच-सहा सेकंदांत सगळं जाम झालं. ओढलं, दिशा बदलून ओढलं, शेवटी तंगूस तुटला.

तळ्याची राखण करणारे एक मामा बांधावर बसून बघत होते. तळी बहुतेक मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतात, मी विचारूनच गळ टाकतो, त्यामुळं ओळख होती. त्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, "तुझा बेडूक घावलाय, येऊन घेऊन जा." गेलो. त्यांनी होडीतनं जाऊन केंदाळ उपसलं होतं. मरळीच्या जबड्यात माझा बेडूक, तंगूस मुळांना चार-पाच वेढे बसलेला, मरळ फुगलेली.

"गळानं न्हाई मेली ती," मामा म्हणाले. "वर याया मिळालं न्हाई म्हणून मेली."

मरळ पाण्यातली असली तरी तिला हवा लागते. डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला तिला एक वेगळा कप्पा असतो, त्यात ती वर येऊन घोटभर हवा घेते. म्हणून ती घाणेरड्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात टिकते, बाजारात ओल्या गोणपाटात तासन् तास जिवंत राहते. पण हीच सोय तिची गरजही आहे. तिला वर येऊच दिलं नाही, तर ती पाण्यात बुडून मरते. हे मी वाचलेलं होतं. गळ आणि तंगूस लावून मीच तिला तिथं बांधून ठेवलं, हे मात्र त्या दिवशी समजलं. दोन किलोच्या आसपासची होती. मामांनी ती कुत्र्यांना टाकली.

त्यानंतर केंदाळात हलक्या काठीनं मी गळ टाकलेला नाही. "हलक्या काठीवर मजा जास्त येते" असं कुणी म्हणालं की मी हीच गोष्ट सांगतो. उघड्या पाण्यात हवी तेवढी मजा घ्या. केंदाळात मासा गळाला लागल्यावरचे पहिले दोन-तीन सेकंदच आपले असतात. तेवढ्यात त्याचं तोंड वर वळलं पाहिजे.

मग मी वाचायला लागलो. मरळीच्या काठ्यांबद्दल तेव्हा फार कुणी लिहीत नव्हतं, पण अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाचा मासा आहे, तोही झाडोऱ्यात दबा धरतो, आणि त्याच्या काठ्यांवर तिकडं ढीगभर लिहिलेलं आहे. त्यात डी थॉमस या कॅलिफोर्नियाच्या माणसाची गोष्ट सापडली. तो तिकडच्या लव्हाळ्यात लांबलचक काठीनं आमिष अलगद सोडायचा. स्पर्धेतल्या इतरांनी काठीच्या लांबीवर हरकत घेतली, तेव्हा तो साडेसात फुटांवर आला आणि 1975 मध्ये अर्कान्सासच्या बुल शोल्स तलावावरची स्पर्धा जिंकला. ती पद्धत आज फ्लिपिंग म्हणून ओळखली जाते. हे वाचताना मला आमचे आबा आठवले. त्यांची कळकाची काठी बारा फुटी होती, टोकाला सहा-सात फूट तंगूस, फिरकी नाहीच. लव्हाळ्याच्या भोकात गांडूळ वरून सोडायचे आणि मासा लागला की सरळ उभा उचलायचे. आडवा ओढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून गुंतायचाही नाही.

त्या वाचनाच्या भरात मी दुसरी काठी मागवली. सात फूट अकरा इंच, एक्स्ट्रा हेवी, एक ते तीन औंसांची. एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या थोडं वर, तेव्हा ही काठी साधारण 28 ते 85 ग्रॅम वजन फेकायला बनवलेली. माझा बेडूक पंधरा ग्रॅमचा. काठीला तो टोकावर बसलेला कळतच नव्हता. काठी वाकलीच नाही तर फेक कशी जाणार? मी सगळा खांदा लावला तरी बेडूक तीस फुटांच्या पुढं जाईना. फ्लिपिंगची काठी होडीतून जवळच्या झुडपात जड आमिष सोडायला असते. मी बांधावर उभा, पाठीशी बाभळ, समोर चाळीस फुटांवर केंदाळाची फट. काठी खोटी नव्हती, काम वेगळं होतं. ती विकताना मला नुकसान झालं, पण एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: काठीवर लिहिलेल्या सगळ्या आकड्यांत, आमिषाच्या वजनाचा आकडा आधी वाचायचा.

आता पॉवर आणि ॲक्शन. दुकानदारसुद्धा यांची सरमिसळ करतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कुठं वाकते. फास्ट ॲक्शनची काठी टोकाकडच्या भागात वाकते आणि खाली ताठ राहते, मॉडरेट जवळजवळ मध्यापर्यंत वाकते. केंदाळासाठी पॉवर हेवी हवी, आणि ॲक्शन फास्ट. टोक बेडूक फेकण्यापुरतं लवचिक, खालचा दोन तृतीयांश भाग मासा वळवण्यापुरता कणखर. अगदी टोकाच्या वितीतच वाकणारी, एक्स्ट्रा फास्ट म्हणतात ती, मी बेडकासाठी घेत नाही. मरळ बेडकावर तुटून पडली की आपण घाबरून लगेच झटका मारतो आणि बेडूक तोंडातून सुटून येतो. टोक जरा मऊ असलं तर आपली ती अर्धी चूक पोटात घालते. बाकी अर्धी सवयीनं सुधारायची: पाणी फुटलं की मनात एक, दोन म्हणायचं, दोरा ताणला जातोय हे बघायचं, मगच झटका.

अडचण अशी की "हेवी" या शब्दाला सगळ्या कंपन्यांत एकच माप नाही. एकाची हेवी दुसऱ्याच्या मीडियम हेवीएवढी निघते. म्हणून मी कारखान्यात एक साधी चाचणी करतो. मूठ गोणपाटात गुंडाळून वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आडवी धरायची (फार आवळायची नाही, कार्बन चिरतं), टोकाला पिशवी अडकवायची आणि तिच्यात बोल्ट टाकत जायचं. टोक काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आलं की थांबायचं आणि पिशवी तोलायची. माझ्या जुन्या मीडियमला जेवढे बोल्ट लागले, त्याच्या जवळजवळ दुप्पट आत्ताच्या काठीला लागतात. आणि काठी कुठं वाकते तेही भिंतीवर खडूनं रेघ मारून दिसतं. मित्रांच्या काठ्याही मी अशा तोलून देतो. उद्यमनगरात कुणाकडंही वाइस असतो, लाजायचं कारण नाही.

तानकाट्यानं (स्प्रिंगच्या वजनकाट्यानं) अजून एक गोष्ट करून बघा. काटा खांबाला बांधा, दोरा काट्याला, आणि काठीनं जिवाच्या आकांतानं ओढा. माझ्या हेवी काठीनंही काटा साडेतीन किलोच्या पुढं हलला नाही. लांब काठी म्हणजे उलटी तरफ, मासा टोकावर आणि आपला हात मुठीवर, तेव्हा फायदा माशाचा. मग पन्नास-पासष्ट पौंडी विणलेला दोरा कशाला, असं पोरं विचारतात. पासष्ट पौंड म्हणजे साडेएकोणतीस किलो! तो उचलायला नसतोच. तंगूस ताणतो, चाळीस फुटांवर झटका मारला तर त्यातला बराच तंगूसच खातो, आणि मरळीचा जबडा हाडाचा, दातांचा, गळ त्यात रुतायला धक्का पोचावा लागतो. विणलेला दोरा जवळजवळ ताणत नाही, आणि ताणात असताना केंदाळाचे देठ कापत येतो. पातळ दोरा घेतला तर तो मुळांवर घासून घासून जातो. म्हणून मी पन्नासच्या खाली उतरत नाही, आणि दोऱ्याचं टोक पालोमर गाठीनं थेट बेडकाला बांधतो.

फक्त तो दोरा उघड्या हाताला गुंडाळून ओढू नका. बोट कापतं. अडकला तर एखाद्या जाड काटकीला दोऱ्याचे चार वेढे द्या, काठी दोऱ्याच्या सरळ रेषेत ठेवा आणि काटकी धरून मागं चाला.

लांबीचं माझं मत सात फूट दोन-तीन इंच. लांब काठी एका झटक्यात जास्त दोरा ओढते, ते खरंच, पण आपल्याकडं बांधावर मागं झाडं असतात आणि गाडीवर जायचं असतं. मूठ कोपराखाली टेकेल एवढी हवी, मरळ ओढताना मनगटावर सगळं आलं तर दुपारपर्यंत हात जातो. एकसंध काठी चांगली, पण मोटरसायकलवर नेणं अवघड. माझी दोन तुकड्यांची आहे, सांधा मुठीलगत आहे, त्यामुळं वाकण्यात फरक जाणवत नाही. अडीच इंची पीव्हीसी पाइपला दोन्हीकडं टोपण लावून त्यातून नेतो. काठीवर दोरा ज्यांतून जातो त्या कड्या मात्र नीट बघून घ्या. विणलेला दोरा मऊ कडीला खाच पाडतो, मग ती खाच दोरा कापते. कडीतून कापसाचा बोळा फिरवायचा, तंतू अडकले तर तिथं चीर आहे.

काठी मोडते ती बहुतेक वेळा मासा काठावर आल्यावर. मेव्हण्याची अशीच मोडली. मरळ पायाशी आलेली, त्यानं काठी उभी करून तिला उचलायचा प्रयत्न केला. काठी उभी केली की सगळा भार टोकाच्या बारक्या भागावर येतो आणि कार्बन काच फुटल्यासारखं तडकतं. टोक खाली ठेवून मागं सरकायचं, मरळ घसरत बांधावर येते.

आत्ताची काठी सात फूट तीन इंच, हेवी, फास्ट, 3/8 ते 1¼ औंस, म्हणजे दहा ते पस्तीस ग्रॅम. साडेचार हजारांना पडली. मे संपला की मी केंदाळात बेडूक टाकत नाही. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांभोवती पहारा देते, लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर उकळल्यासारखा दिसतो, आणि तेव्हा बेडकावर ती भुकेनं नाही, राखणीसाठी तुटून पडते. आई-बाप काढले की चिलापीसारखे मासे पिलं साफ करतात.

गेल्या डिसेंबरात त्याच तळ्यावर गेलो. मामा होतेच. फट तीच असेल नसेल, केंदाळ रोज हलतं. चौथ्या फेकीला पाणी फुटलं. एक, दोन, दोरा सरकला, झटका मारला. काठी वरून वाकली आणि मधे अडली, आणि त्या अडण्यात मला पहिल्यांदा माशाचं डोकं वळल्याचं कळलं. फिरकी न थांबवता दोन पावलं मागं गेलो. मरळ मुळांत शिरली नाही, केंदाळाची एक अख्खी गादी अंगावर घेऊन पाण्यावरून घसरत आली. बांधावर आधी नुसती हिरवी मोळी दिसली. मामांनी ती चाचपली आणि आतून शेपूट हललं.

तानकाटा खिशात होता. मरळ एक किलो आठशे. केंदाळ पाच किलो दोनशे, पाणी निथळल्यावर. तरंगत आलं म्हणून आलं, नाहीतर एवढं ओढायची ताकद त्या काठीत नाही. मरळ मामांनी ओल्या गोणपाटात घातली, त्यांच्या सुनेला नुकतीच सुट्टी मिळाली होती दवाखान्यातून, रस्सा तिच्यासाठी. मी केंदाळ पायानं पाण्यात ढकलायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"परत कशाला टाकतोस?" म्हणाले, आणि बांधावर उन्हात मुळं वर करून पसरलं.