मोजपात्र बदललं आणि पाऊस निम्मा झाला

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर शेजारच्या दोन गावांच्या पावसात फरक पडला तर कुणाला नवल वाटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला यावं तर हजाराच्याही आत. त्यामुळे या पट्ट्यातल्या एका गावात हाताने मोजलेला पाऊस साडेतीन किलोमीटरवरच्या स्वयंचलित केंद्राच्या निम्मा येतोय, हे दीड महिना सगळ्यांनी ‘डोंगराआड कमीच पडतो’ म्हणून सोडून दिलं होतं. मी तपासणीला गेलो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. निघण्याआधी दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले आणि तिथेच अडलो.

हाताची नोंद 12.0, स्वयंचलित 23.5. मग 8.6 आणि 16.5. 41.0 आणि 84.5. 36.4 आणि 71.0. भागाकार केला तर 0.51, 0.52, 0.49, 0.51.

डोंगराआडचा पाऊस असा शिस्तीत वागत नाही. एक दिवस सर इकडे पडून जाते आणि तिकडे धुरळा उडतो, दुसऱ्या दिवशी उलट. हे गुणोत्तर कधी पावावर तर कधी तिपटीवर जायला हवं. ते रोज निम्म्यावरच बसत असेल तर दोष ढगाचा नाही, मोजणीतच कुठेतरी दोनचा घोळ आहे. त्यात 36.4 आणि 71.0 ही जोडी जास्त टोचणारी होती. महसूल मंडलात चोवीस तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि हे दोन आकडे त्या रेषेच्या दोन बाजूंना होते.

शंका आधी स्वयंचलित केंद्रावर घ्यायची. तिथे टिपिंग बकेट असते, म्हणजे नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन छोटी भांडी. एक भरलं की कलंडतं, दुसरं वर येतं, आणि प्रत्येक कलंडण्याला चुंबक एक खूण पाठवतो. या केंद्राचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं आणि एक कलंडणं 0.5 मिमीचं, म्हणजे दर वेळी 10 मिली पाणी. बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून 500 मिली पाणी थेंबथेंब सोडलं, सुमारे तासभर. 50 खुणा यायला हव्या होत्या, 49 आल्या. घाईने ओतलं तर कमी येतात, कारण भांडं कलंडत असतानाही धार त्याच भांड्यात पडत राहते आणि ते पाणी हिशेबात येत नाही. म्हणजे मुसळधार पावसात हे यंत्र थोडं कमीच दाखवेल, दुप्पट कधीच नाही. (नरसाळ्यात पान अडकलं असेल तर तेही आकड्यांतच दिसतं. पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं आणि दर वीस मिनिटांनी अर्धा मिलिमीटर येतच राहतो. इथे तसं काही नव्हतं.)

मग हाताच्या पर्जन्यमापकाकडे. त्यात नरसाळ्यातून पाणी खालच्या बाटलीत साचतं आणि ते खुणांच्या मोजपात्रात ओतून वाचतात. भोवती आखूड गवत, तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर. हे आधी बघायचं, कारण खाली फरशी असली की आपटलेले थेंब उडून आत जातात. जवळचं झाड किंवा भिंत मापकाच्या तोंडापेक्षा जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं, जमलं तर चौपट. आंब्याचं झाड होतं, पण पुरेसं लांब. आंब्यामुळे घट आलीच असती तरी ती वाऱ्याच्या दिशेप्रमाणे रोज वेगळी आली असती.

तोंडाच्या कडेचा व्यास व्हर्नियरने चार दिशांनी घेतला. 112.7, 112.9, 112.8, 112.8 मिमी. 100 चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला 112.8 हवा, तेव्हा कड चेपलेली नव्हती. व्यासात एक टक्का चूक म्हणजे क्षेत्रफळात दोन टक्के, म्हणून इथे मोजपट्टी चालत नाही. कडेवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यावर. गळती बघायला मापकाच्या बाटलीत 500 मिली पाणी भरून कोरड्या कागदावर अर्धा तास ठेवली. कागद कोरडाच.

वेळेचाही घोळ असू शकतो. नोंद सकाळी 8:30 ची असते. कुणी दहा वाजता घेतली तर मधल्या दीड तासाची सर उद्याच्या नोंदीतून आजच्या नोंदीत जाते. पण त्याने तारखा सरकतात, महिन्याची बेरीज निम्मी होत नाही.

राहिलं मोजपात्र. पावसाच्या मोजपात्रावर मिलिलिटरच्या खुणा नसतात, थेट पावसाच्या मिलिमीटरच्या असतात. ही सोय आहे आणि सापळाही तोच. तोंड 100 चौरस सेंटिमीटरचं असेल तर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 मिली पाणी. 200 चं असेल तर 20 मिली. जुन्या पाच इंची मापकाला 12.7 मिली. मोजपात्र आणि नरसाळं ही जोडी असते, चपलेसारखी. म्हणून क्षेत्रफळ मोजपात्रावर छापलेलं असतं. इथे ती जागा घासून पुसट झाली होती.

गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतून साधा मोजनळा आणला. 100 मिली पाणी मोजून या मोजपात्रात ओतलं. डोळा पातळीवर आणून, वक्र पृष्ठभागाचा खालचा भाग बघून वाचायचं. 10 वाचायला हवं होतं. 5.0 आलं.

“काका, हे मोजपात्र कधीपासून वापरताय?”

नोंद घेणारे काका जरा वरमले. “जुनं फुटलं ओ साहेब, हातातून निसटलं. गोदामात हे एकच होतं. उंचीला तेवढंच वाटलं, म्हणून आणलं. काय चुकलं का?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. रोज साडेआठला, पावसात भिजत, दशांशापर्यंत नोंद करणारा माणूस तो. मोजपात्र देताना जोडी जुळवून बघायचं काम दुसऱ्याचं होतं.

आता प्रश्न, फुटलं कधी? काकांना तारीख आठवेना, आणि वहीत ती लिहिलेली नव्हती. पण आकड्यांना आठवते. 1 जूनपासून स्वयंचलित केंद्राची बेरीज आडव्या अक्षावर, हाताच्या नोंदींची बेरीज उभ्या अक्षावर, रोजचा एक बिंदू. दोन्ही ठिकाणच्या पावसाचं प्रमाण कायम असेल तर बिंदू सरळ रेषेत चढतात. सुरुवातीला रेषा जवळपास 45 अंशांत होती, म्हणजे डोंगराआड बिडोंगराआड काही नव्हतं, पाऊस सारखाच. 24 जूनपाशी ती वाकली आणि पुढे निम्म्या चढाने गेली. एकेका दिवसाच्या आकड्यांत हा वाक चटकन डोळ्यात भरत नाही, बेरजेत लपत नाही. तारीख सांगितल्यावर काकांना आठवलं, वटपौर्णिमेच्या आसपासच फुटलं होतं.

दुरुस्ती सोपी. मोजपात्र पाण्याचं आकारमान 20 ने भागत होतं, भागायला हवं होतं 10 ने, म्हणून 24 जूनपासूनची प्रत्येक नोंद दुप्पट. जुना आकडा खोडायचा नाही. शेजारी लाल शाईने नवा, कारण आणि सही. 36.4 च्या शेजारी 72.8 लिहिलं. एक बारीकसा तोटा मात्र भरून येत नाही. वाचनातली दशांशाची अनिश्चितताही दुप्पट होते, त्यामुळे 0.1 ची नोंद दुरुस्त होऊन 0.2 झाली तरी खरा पाऊस 0.1 आणि 0.3 च्या मध्ये कुठेही असेल.

घरी मोजायचं असेल तर या भानगडीत पडूच नये. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा मोकळ्यावर ठेवावा आणि आत पट्टी बुडवावी. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. डबा लहान की मोठा याने फरक पडत नाही. बादली मात्र नको. ती वर रुंद, खाली निमुळती, त्यामुळे पाऊस फुगवून सांगते.

दुपारी चारच्या सुमारास जोराची सर आली, वीसेक मिनिटांची. थांबल्यावर काकांनी बाटली काढली. शाळेच्या मोजनळ्यात 68 मिली, म्हणजे 6.8 मिमी. गोदामातल्या मोजपात्रात 3.4. स्वयंचलित केंद्राला फोन लावला, तिथे 6.5.

काका पाणी ओतून टाकायला निघाले, तसं थांबवलं. ते परत बाटलीत गेलं. उद्या सकाळी साडेआठच्या नोंदीतलं होतं ते.