चोवीस तासांचं ‘आपण’

सकाळचा चहा घेताना मी आधी लोकांचे स्टेटस बघतो, पेपर नंतर. परवा एकाच सकाळी तीन कबुतरं दिसली. तिन्ही पांढरी, तिन्हींच्या चोचीत काडी आणि खाली बंधुभावाच्या चार ओळी. शांततेच्या कवितेला कबुतरच का लागतं कोण जाणे. आमच्या गल्लीत कबुतरं पाळणारे दोन गट आहेत. एकाचं कबुतर चुकून दुसऱ्याच्या खुराड्यात उतरलं, की त्या दिवशी कानावर पडणारे शब्द कुठल्याच वृत्तात बसायचे नाहीत.

हसायचा अधिकार मला नाही म्हणा. मीही त्यातलाच.

जून २०२३ मध्ये आमचं कोल्हापूर पेटलं ते स्टेटसवरूनच. काही मोबाइलवर आक्षेपार्ह स्टेटस झळकले, बंदची हाक आली, शिवाजी चौकात जमाव जमला. मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. आणि इंटरनेट बंद. नेमकी त्याच रात्री मी कविता लिहिली होती. ‘आपण सारे एकाच पंचगंगेचं पाणी पितो’ अशी काहीतरी सुरुवात. (पंचगंगेच्या पाण्याबद्दल अभिमानानं लिहावं असं अलीकडे फार उरलेलं नाही, ते सोडा.) स्टेटसला ठेवायची म्हटलं तर नेट नाही. कविता खिशात घेऊन फिरायची वेळ आली.

दोन-तीन दिवसांनी कोपऱ्यावरच्या टेलरचाचांनी शटर अर्धं वर केलं. वाकून आत गेलो. माझ्या बारशाचं झबलं त्यांच्या वडिलांनी शिवलेलं, इतकी जुनी ओळख. कविता वाचून दाखवली. तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचत त्यांनी ऐकली. म्हणाले, “चांगलं लिवलंय सर. पण ह्यातलं ते ‘आपण’ परवा कुठं हुतं?”

मला उत्तर देता आलं नाही. परवा, चाचा घाईघाईनं शटर ओढत होते तेव्हा, मी वरच्या खिडकीतून बघत होतो. बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

मराठीत ही एक सोय आहे, की अडचण आहे, ठरवता येत नाही. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की तो आत. हिंदीत ‘हम’ म्हणून दोन्ही भागवता येतं, मराठीत निवडावंच लागतं. आणि शांततेची कविता लिहिणारे आम्ही सगळे (बघा, ‘आम्ही’च आलं) पहिल्याच ओळीत ‘आपण’ म्हणून मोकळे होतो. समोरच्याला न विचारता.

एकनाथांनी ती घाई केली नाही. त्यांचा हिंदू-तुर्क संवाद मी कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता, त्या आठवड्यात पुन्हा काढला. सोळाव्या शतकातला माणूस, गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी राजवटीत चाकरीला. दख्खनी बोली नाथांच्या रोजच्या कानावरची असणार. म्हणून त्यांचा तुर्क, म्हणजे मुसलमान, आपल्या बोलीत भांडतो आणि हिंदू मराठीत. भांडतात म्हणजे चांगलेच भांडतात. एकमेकांच्या देवाची, पूजेची, सोवळ्याची, खाण्यापिण्याची उणीदुणी काढतात. आज कुणी ते स्टेटसला ठेवलं तर पुन्हा नेट बंद पडायचं. रचनेचा बहुतेक भाग त्या भांडणानंच व्यापलाय. मिठी येते ती अगदी शेवटी. दोन ‘आम्ही’ पोटातलं सगळं बोलून रिकामे होतात तेव्हा नाथ त्यांना ‘आपण’ होऊ देतात. पुन्हा, कुणालाही त्यांनी मुका ठेवलेला नाही. माझ्या कवितेत चाचांना एक ओळसुद्धा नव्हती.

पसायदान तर आपण शाळेपासून म्हणत आलो. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ नाहीसे होवोत असं ज्ञानेश्वर मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावो म्हणतात. पण ही ओळ म्हणताना खळ म्हणून माझ्या डोळ्यांसमोर कायम पलीकडच्या गल्लीतलीच माणसं आली आहेत. अलीकडची कधीच नाहीत.

दसरा चौकातून जाताना शाहू महाराजांच्या पुतळ्याकडे बघतो. महाराजांनी असल्या कविता केल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी वसतिगृहं काढली. मराठ्यांचं, जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमान मुलांचं आणि आणखी कितीतरी. जातवार वसतिगृहं म्हणजे वेगवेगळे ‘आम्ही’च की, असं कॉलेजात असताना मी तावातावानं म्हणायचो. आता वाटतं, आधी ज्याच्या त्याच्या ‘आम्ही’ला निजायला जागा आणि दोन वेळचं जेवण तर मिळालं. आमच्याकडं मोहरमात तालमीतालमींत पिरांचे पंजे बसतात, हिंदू घरांतूनही बसतात. तिकडं कुरुंदवाडात मशिदींत गणपती बसतो. तिथं कुणी ‘आपण’ हा शब्द उच्चारत असेल असं वाटत नाही. नैवेद्य कुणी करायचा, मांडवाचा खर्च कुणी उचलायचा, असलीच बोलणी चालत असणार.

कविता मी फाडली नाही. पहिली ओळ बदलली. आता ती ‘आम्ही खिडकी लावून घेतली’ अशी सुरू होते. दुसरी ओळ चाचांची आहे, शटरची. तिसरी अडलीय. पँट उंची कमी करायला चाचांकडे टाकलीय, गुरुवारी मिळेल. तेव्हा वाचून दाखवीन म्हणतो. स्टेटसला ठेवायचं काही नक्की नाही.