नखाएवढं पान

लंडनच्या एका लिलावघरात जुन्या शिकारी बंदुका तपासून त्यांची वर्णनं लिहायची, हे माझं काम. पुण्याचे नातेवाईक अजून विचारतात, "परवाना आहे ना रे?" लागतच नाही. इथल्या १९६८च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार अशी पुरातन बंदूक शोभेची वस्तू म्हणून घरात ठेवता येते. कागद लागतो तो भलत्याच गोष्टीला, आणि हे एका वयस्कर गृहस्थांना पटवताना त्या दिवशी माझ्या नाकी नऊ आले.

वडिलांनी हौसेनं जमवलेली बंदूक ते घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. उलगडली आणि मी जागच्या जागी सरळ झालो. चिंके! सतराव्या शतकात मध्य युरोपात, साइलेशियातल्या टेशनच्या परिसरात घडवत ती पाखरं टिपायची हलकी व्हीललॉक, म्हणजे चाकाच्या ठिणगीनं बार उडवणारी, रायफल. दस्ता हरणाच्या मागच्या पायासारखा खाली मुडपलेला. तो खांद्याला लावायचा नसतो, गालाला टेकवायचा. ठिणगी पाडणारं चाक फिरवणारी कमान चापाच्या यंत्राच्या पट्टीबाहेर उघडीच असते. त्यामुळे आतून लाकूड फार कोरावं लागत नाही आणि दस्ता सडपातळ राहतो. त्या सडपातळ लाकडावर बोट ठेवायला जागा नव्हती. सांबरशिंगाचे ससे, त्यांच्यामागे धावणारी कुत्री, वेलबुट्टी, मधूनमधून शिंपल्याचे ठिपके.

आधी नळीत गज सोडून पाहिला. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेल्या बंदुकीतही कधी कधी दारू-गोळी तशीच ठासलेली निघते. ही रिकामी होती.

"सगळं हस्तिदंत आहे बरं का," गृहस्थ कौतुकानं म्हणाले.

नसू दे रे बाबा, मी मनात म्हटलं. एके काळी याच वाक्यानं भाव चढायचा. जून २०२२पासून इथे आयव्हरी अ‍ॅक्ट लागू झाला. मोजक्या सवलती सोडल्या तर हस्तिदंताची वस्तू विकायला ठेवणंसुद्धा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भिंग लावलं. हाडात आणि सांबरशिंगात रक्तवाहिन्यांच्या वाटा राहतात, त्या बारीक काळपट टिंबांसारख्या, रेघोट्यांसारख्या दिसतात. हस्तिदंतात त्या नसतात. आडव्या छेदात एकमेकींना कापणाऱ्या रेषांची जाळी दिसते. ससे झाले, कुत्री झाली, सगळीकडे टिंबं. गालाच्या बाजूला एका पानाशी येऊन थांबलो. नखाएवढं पान. टिंब नाही, आणि तिरकं धरल्यावर जाळी स्पष्ट. कोरणाऱ्याचा हातही वेगळा होता: बाकीच्या पानांच्या शिरा एका ओढीत काढलेल्या, या पानाच्या अडखळत. कुणीतरी मागाहून गळालेल्या तुकड्याच्या जागी बसवलेलं. संग्रहातल्या बंदुकांवर अशी डागडुजी सर्रास सापडते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"मग उपटून टाका की. हाडाचं बसवा."

याला मी साफ नकार दिला. जुना सरस सुटताना भोवतीचं लाकूड सोलून निघालं असतं, आणि वर्णनात ते आम्हालाच लिहावं लागलं असतं. शिवाय गरजही नव्हती. वस्तू ३ मार्च १९४७च्या आधीची, हस्तिदंत तिचाच अविभाज्य भाग आणि एकूण घनफळाच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर सवलत मिळते. फोटो, वर्णन, सवलत का लागू होते त्याचं स्पष्टीकरण आणि २० पौंड शुल्क भरून ऑनलाइन नोंदणी करायची.

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे बंदुकीला कागद नको आणि पानाला हवा?"

"हो."

"या सरकारला झालंय तरी काय!" म्हणत त्यांनी अर्जावर सही ठोकली. मग घोंगडीची घडी घालता घालता, जरा बिचकतच, म्हणाले की घरी वडिलांचा आणखी एक नग आहे. त्याचा मात्र अख्खा दस्ताच पांढरा आहे. मी त्यांना पुन्हा बसायला सांगितलं आणि चहा मागवला.