खुल्या गॅमा डेटात खरी मेख आयआरएफची

गॅमा किरण दुर्बिणींचा खुला डेटा उतरवून घेऊन त्याची यादी पडद्यावर आणणं आता अगदी सोपं झालं आहे. पण निव्वळ घटनांच्या (टिपलेल्या एकेका कणवर्षावाच्या नोंदींच्या) यादीवरून स्रोताची तेजस्विता काढता येत नाही; त्यासाठी दुर्बिणीचा प्रतिसाद सांगणारे तक्ते, म्हणजे आयआरएफ, लागतात.

जमिनीवरच्या दुर्बिणींना गॅमा किरण थेट दिसत नाहीत. असा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो. त्याचा काही नॅनोसेकंदांचा चेरेंकोव्ह प्रकाश कॅमेऱ्यात टिपायचा आणि त्या चित्रावरून मूळ किरणाची दिशा आणि ऊर्जा ठरवायची. एवढं काम हेस, मॅजिक, व्हेरिटास हे प्रयोग आपापल्या सॉफ्टवेअरने करतात. त्यापुढचा टप्पा, म्हणजे डीएल3 (विश्लेषणासाठी तयार डेटा), सगळ्यांचा सारखा असावा म्हणून 2016 पासून जीएडीएफ हा खुला आराखडा आकाराला आला. फाइल फिट्स या खगोलशास्त्रात रूढ असलेल्या प्रकारची असते. तिच्यात घटनांचा तक्ता (वेळ, दिशा, ऊर्जा), निरीक्षण ग्राह्य धरायचे कालखंड आणि आयआरएफचे तक्ते असतात: प्रभावी क्षेत्रफळ (दुर्बीण प्रत्यक्षात किती क्षेत्रावरचे किरण टिपते), ऊर्जेतली चूक, प्रतिमेचा पसारा आणि पार्श्वभूमी.

हेसने 2018 मध्ये खुल्या केलेल्या डेटात क्रॅब तेजोमेघाची चार निरीक्षणं आहेत, क्रमांक 23523, 23526, 23559 आणि 23592. प्रत्येक सुमारे 28 मिनिटांचं. पहिल्या दोनांत दुर्बिणीचा रोख क्रॅबपासून 0.5 अंश बाजूला होता, पुढच्या दोनांत 1.5 अंश. केंद्रापासून लांब गेलं की प्रभावी क्षेत्रफळ घटतं. चारही निरीक्षणांना केंद्रावरचंच क्षेत्रफळ लावलं, तर शेवटच्या दोनांत क्रॅब विनाकारण मंद दिसतो. म्हणून घटना एकत्र करण्याआधी प्रत्येक निरीक्षणाचं आयआरएफ त्याच्या स्वतःच्या अंतरासाठी काढावं लागतं. गॅमापाय नावाचं खुलं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण स्रोताचे निर्देशांक बरोबर दिले तरच.

यादीतल्या बहुतेक घटना गॅमा नसतात, त्या वैश्विक किरणांच्या असतात. क्रॅबभोवती 0.11 अंश त्रिज्येचं वर्तुळ घ्या आणि रोखापासून तेवढ्याच अंतरावर तशीच रिकामी वर्तुळं मांडून पार्श्वभूमी मोजा. अंतर सारखं ठेवायचं, कारण पार्श्वभूमीही केंद्राकडून कडेकडे घटते.

सगळ्यात महागात पडणारी गफलत वेगळीच आहे. काही फायलींतलं आयआरएफ 'पॉइंट-लाइक' असतं: ठरावीक त्रिज्येच्या आतल्याच घटना धरून क्षेत्रफळ आधीच कमी केलेलं. समजा त्या त्रिज्येत 70 टक्के गॅमा घटना येतात. ही घट लक्षात न घेता पुन्हा 0.7 ने गुणलं, तर फ्लक्स (स्रोताकडून येणारा किरणांचा ओघ) 1.43 पट फुगतो. आलेख तरीही देखणा दिसतो, म्हणून ही चूक नजरेतून निसटते. हेसच्या या फायली 'फुल-एन्क्लोजर' आहेत, म्हणजे क्षेत्रफळ आधी कमी केलेलं नाही; तिथे अशी गुणून करायची दुरुस्ती करावीच लागते. यांतला कोणता प्रकार आहे, ते सांगणारी एचडीयूक्लास3 ही नोंद फाइलच्या हेडरमध्ये असते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वेळेचंही तसंच. वेळ कोणत्या मापात आहे ते सांगणारी टाइमसिस ही नोंद 'टीटी' (खगोलशास्त्रातली पार्थिव वेळ) असताना ती वेळ यूटीसी (नेहमीची जागतिक घड्याळी वेळ) समजली, तर 2004 च्या निरीक्षणात 64.184 सेकंदांचा फरक पडतो. वर्णपटाला त्याचं काही वाटत नाही, पण दर 33 मिलिसेकंदांनी स्पंद देणाऱ्या क्रॅब पल्सारच्या स्पंदांची वेळ अशाने साफ चुकते.

सामायिक स्वरूपाचा फायदा 2019 मध्ये उघड झाला. मॅजिक आणि व्हेरिटासची जेमतेम 40-40 मिनिटं, हेसचे सुमारे दोन तास, फॅक्ट या छोट्या दुर्बिणीचे दहा तास आणि अवकाशातल्या फर्मी-लॅटची काही वर्षं, असा क्रॅबचा डेटा गॅमापायमधून एकाच वर्णपटात बसवला गेला, आणि आकडेमोडीचं साहित्यही खुलं ठेवलं गेलं. 2021 मध्ये सीटीए या नव्या गॅमा किरण वेधशाळेने आपल्या विश्लेषणासाठी गॅमापायचाच पाया निवडला. लडाखमधल्या हानले इथे 21 मीटरची मेस ही गॅमा किरण दुर्बीण आहे. तिच्यासारख्या दुर्बिणींवर काम करू पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांनी सरावाला याच चार फायली घ्याव्यात.

निकालावर विश्वास ठेवण्याआधी त्याच फायली सीटूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही चालवून पाहा. स्वरूप एकच असल्यामुळे ते जमतं, आणि सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे लिहिलेलं असल्यामुळे पडताळणीला अर्थ येतो. दोन्हींत तफावत आली, तर आधी ऊर्जेची खालची मर्यादा तपासा. प्रभावी क्षेत्रफळ कमाल मूल्याच्या 10 टक्क्यांखाली जातं तिथले बिंदू दोन्हीकडे सारखेच वगळले आहेत ना, ते पाहा. मग वर्तुळाची त्रिज्या.